कव्हरवर ‘ओरिजिनल’ लिहिलंय, पण आत नेमकं काय आहे? इटालियन चित्रपटांच्या जुन्या रेकॉर्ड्स जमवण्याविषयी

प्रश्न असा आला आहे: घरी टर्नटेबल आहे, एन्यो मोरिकोने आणि नीनो रोता या इटालियन संगीतकारांचं संगीत मनापासून आवडतं, त्यांच्या जमान्यातल्या युरोपीय चित्रपटांच्या जुन्या रेकॉर्ड्स जमवायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी? मूळ प्रेसिंग, म्हणजे त्या काळी छापलेली प्रत घ्यावी, की नवी आवृत्ती? आणि मुंबईत एक दुकानदार ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची ‘ओरिजिनल’ एलपी देतोय, कव्हरवर ह्यूगो मॉन्टेनेग्रो असं नाव आहे, ती घ्यावी का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकीची सगळी उत्तरं त्यातच आहेत. ती रेकॉर्ड जुनी आहे, अस्सल आहे, ऐकायलाही मजेदार आहे. पण ती त्या चित्रपटाची रेकॉर्ड नाही. मॉन्टेनेग्रो हा अमेरिकन वाद्यवृंदकार. त्याने अमेरिकेत आपल्या वादकांना घेऊन मोरिकोनेची धून नव्याने रेकॉर्ड केली आणि 1968 मध्ये ती इतकी गाजली, की ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. जगभरात जी धून ‘त्या काउबॉय पिक्चरची’ म्हणून लोकांच्या कानात बसली, ती पुष्कळदा मॉन्टेनेग्रोचीच असते. चित्रपटात वाजतं ते रोममध्ये रेकॉर्ड झालं, वाद्यवृंद ब्रुनो निकोलाई यांनी चालवला, शीळ अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची आणि कब्रस्तानातल्या त्या धावण्याच्या प्रसंगात जो बाईचा आवाज वर वर चढत जातो, तो एद्दा देल’ओर्सो यांचा. हे तुमच्या हातातल्या एलपीवर मिळणार नाही. स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, पण मोरिकोनेच्या रकान्यात लावू नका.

या छंदातलं पहिलं कौशल्य हेच आहे: आपण नक्की काय विकत घेतोय हे ओळखणं. किंमत, दुर्मिळता, कव्हरची अवस्था हे सगळं त्यानंतर. मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात ‘फिल्म थीम्स’ म्हणून जे गठ्ठे पडलेले असतात, त्यात बहुतेक हॉलिवूड असतं आणि उरलेल्यात कव्हर आवृत्त्या, म्हणजे दुसऱ्याच वाद्यवृंदांनी नव्याने वाजवलेल्या धुना. ब्रिटनच्या जेफ लव्हने तर वेस्टर्न चित्रपटांच्या धुनांची अख्खी एलपी काढली होती. कव्हरवर घोडा, बंदूक, चित्रपटांची नावं ठळक. वाद्यवृंदाचं नाव मात्र खाली बारीक अक्षरांत. म्हणून आधी ती बारीक अक्षरं वाचा. इटालियन रेकॉर्डवर ‘कोलोन्ना सोनोरा ओरिजिनाले’ असं असेल तर मूळ ध्वनिपट असण्याची शक्यता बरीच. नुसतं ‘दाल फिल्म’ म्हणजे ‘चित्रपटातून’. ते कव्हर आवृत्तीवरही छापतात, त्यावर भिस्त ठेवू नका. खरी खूण वाद्यवृंद-संचालकाच्या नावात असते. मोरिकोने असेल तर स्वतः मोरिकोने किंवा निकोलाई. रोता असेल तर दिग्दर्शक फेलिनीच्या ‘ओत्तो ए मेद्झो’साठी (1963) कार्लो साव्हिना आणि व्हिस्कोंतीच्या ‘इल गात्तोपार्दो’साठी (1963) फ्रांको फेर्रारा. ही नावं पाठ झाली की निम्मं काम झालं.

चित्रपट एक असला तरी संगीत एकच असेल असंही नाही. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या ‘ल मेप्री’ला (1963) जॉर्ज दलरू यांचं संगीत आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण इटलीत हाच चित्रपट निर्मात्याने कापून ‘इल दिस्प्रेत्झो’ नावाने दाखवला तेव्हा दलरू काढून तिथे पिएरो पिच्चोनी यांचं संगीत घातलं. दोन्ही संगीतं उत्तम, आणि दोन्ही एकमेकांपासून पार वेगळी. दलरूचं ते उदास तंतुवाद्यांचं गुंजन मनात धरून तुम्ही इटालियन नावाची रेकॉर्ड मागवाल आणि पेटीतून निघेल पिच्चोनींचं मऊ जॅझ. मारिओ बाव्हाच्या ‘ला मास्केरा देल देमोनिओ’चंही (1960) तसंच: इटलीत रोबेर्तो निकोलोसी, अमेरिकेत लेस बॅक्स्टर. म्हणून चित्रपटाच्या नावाने शोधू नका, संगीतकार आणि देश यांच्या जोडीने शोधा.

आता सुरुवात कुठून. ‘युरोपीय’ हा फार मोठा पसारा आहे. इटली, फ्रान्स, जर्मनी, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, प्रत्येकाची कंपन्यांची, कव्हरांची, खुणांची वेगळी दुनिया. एका वेळी एक देश धरा. माझा सल्ला इटली, साधारण 1960 ते 1980. कारण त्या वीस वर्षांत रोममध्ये जे घडलं ते दुसरीकडे कुठेच घडलं नाही. चित्रपट ढिगाने निघत होते, त्यामुळे संगीतकारांना सतत काम होतं. तेच वादक दिवसभर एका स्टुडिओतून दुसऱ्यात जात. आरसीए इतालियानाचा व्हिया तिबुर्तिनावरचा प्रचंड स्टुडिओ, पियात्झा एउक्लिदेमध्ये चर्चच्या तळघरातला ऑर्थोफोनिक, जो मोरिकोने, बाकालोव्ह, पिच्चोनी, त्रोवायोली यांनी मिळून उभा केला आणि पुढे फोरम नावाने चालला. संगीतकार पिएरो उमिलियानी यांचा तर स्वतःचा स्टुडिओ आणि स्वतःची लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या होत्या, म्हणून त्यांच्या रेकॉर्ड्स मुळातच कमी निघाल्या आणि आज महाग आहेत. त्यांची ‘मा ना मा ना’ ही धून तुम्ही लहानपणी मपेट्सच्या कार्यक्रमात ऐकली असेल. ती आली 1968 च्या एका इटालियन माहितीपटातून.

लेबलं लक्षात ठेवायची तर चारच: आरसीए, सीएएम, चिनेव्हॉक्स आणि बीट. आरसीएच्या रेकॉर्ड्स भरपूर छापल्या गेल्या, आजही मिळतात, दर परवडतात. सीएएमचं प्रकरण निराळं. ही मूळची संगीत-प्रकाशन संस्था. तिच्या कित्येक एलपी दुकानात विकण्यासाठी नव्हत्याच, रेडिओ-टीव्हीवाल्यांना वापरायला द्यायच्या म्हणून काढलेल्या. साधी कव्हरं, मोजक्या प्रती. आज त्याच प्रती मोठ्या किमतीला जातात. चिनेव्हॉक्स म्हटलं की जॅलो, म्हणजे रक्तरंजित रहस्यपट. दारिओ आर्जेंतोच्या ‘प्रोफोन्दो रोस्सो’ची (1975) एलपी घ्या. पहिल्या बाजूला गॉब्लिन या बँडचं रॉक, दुसऱ्या बाजूला जोर्जो गास्लिनी या जॅझवाल्याचं संगीत, कारण काम आधी गास्लिनींकडे होतं आणि दिग्दर्शकाला हवा तसा भाग पुढे गॉब्लिनने केला. ही रेकॉर्ड इटलीत पहिल्या क्रमांकावर गेली होती, म्हणजे प्रती पुष्कळ आहेत. ‘कल्ट’ शब्द वापरून कोणी अव्वाच्या सव्वा भाव सांगितला तर शांतपणे नाही म्हणा.

एलपीच हवी असा हट्ट मात्र सुरुवातीला सोडा. साठच्या दशकात इटलीत एलपी महाग पडायची. सामान्य माणूस, विशेषतः तरुण मुलं, सात इंची 45 ची तबकडी घेत (मिनिटाला 45 फेरे, एलपीचे 33). त्यामुळे कित्येक चित्रपटांची त्या काळी एलपी निघालीच नाही, दोन बाजूंना दोन धुना असलेली छोटी रेकॉर्ड तेवढी निघाली. फ्रान्समध्ये याच काळात चार धुनांच्या छोट्या रेकॉर्ड्स, म्हणजे ईपी चालत. त्यांची कव्हरं जाड, चकचकीत, पोस्टरसारखी. माझ्या मते या छंदातला सगळ्यात सुंदर कोपरा हाच आहे आणि तो अजून आवाक्यात आहे. आवाजाच्या दृष्टीनेही 45 चा फायदा असतो: तीन मिनिटांचं संगीत, वेग जास्त, तबकडीवरच्या खाचांची खोदाई ऐसपैस, म्हणून आवाज अंगावर येतो. शिवाय टपालाने मागवताना वजन कमी.

एलपीवर काय असतं याचीही जाणीव हवी. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ जवळपास तीन तासांचा, आणि त्याची मूळ एलपी अर्ध्या तासाच्या थोडी पुढे जाते. निर्मात्यांनी निवडलेले तुकडे, कधी चित्रपटातल्याहून वेगळे टेक, कधी रेकॉर्डसाठी मुद्दाम जोडलेले शेवट. बाकीचं संगीत टेपांवरच राहिलं आणि पुष्कळ वर्षांनी सीडीवर किंवा नव्या दुहेरी एलपीवर आलं.

यावरूनच मूळ की नवी आवृत्ती या प्रश्नाकडे येतो. मी दोन्ही ठेवतो आणि त्याची कारणं वेगळी आहेत. मूळ प्रेसिंग हे त्या काळाने स्वतःविषयी काय ठेवलं याचा पुरावा आहे: कुठली धून विकली जाईल असं वाटलं, चित्रपट कसा दिसावा असं वाटलं, कोणाचं नाव मोठं छापलं. नव्या आवृत्तीत संगीत जास्त असतं, खरखर नसते आणि मूळ प्रत महिन्याच्या पगारात जाणारी असेल तर दुसरा मार्गही नसतो. नवी आवृत्ती निवडताना एकच गोष्ट पाहा: कव्हरच्या मागे मूळ मास्टर टेपचा उल्लेख आहे का आणि हक्कधारकाचं नाव आहे का. सीएएमचा खजिना आज शुगर या इटालियन कंपनीकडे आहे आणि त्यांच्या आवृत्त्यांवर ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

पन्नाशीच्या दशकातल्या आणि साठीच्या अगदी सुरुवातीच्या संगीताबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. युरोपात रेकॉर्डिंगवरचा हक्क आधी 50 वर्षांचा होता. तो 70 वर्षांचा करणारा नियम 2013 मध्ये लागू झाला, पण 1963 च्या आधी प्रकाशित झालेली रेकॉर्डिंग्ज तोवर हक्कमुक्त झाली होती आणि तशीच राहिली. म्हणजे ती कोणीही, कुठल्याही सीडीवरून, कायद्याच्या चौकटीत राहून छापू शकतो. लुई मालच्या ‘लिफ्ट टू द स्कॅफोल्ड’साठी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने डिसेंबर 1957 मध्ये पॅरिसमध्ये, पडद्यावर दृश्यं बघत बघत जे वाजवलं, ते संगीत आज अनेक अनोळखी लेबलांवर मिळतं. मूळ फ्रेंच रेकॉर्ड फोंताना कंपनीची, दहा इंची. दोन्हींच्या आवाजात जमीन-अस्मानाचं अंतर पडू शकतं. नव्या, जाड, चकचकीत तबकडीवर वजनाचा आकडा मोठ्याने लिहिलेला असतो आणि मूळ टेपविषयी एक अक्षर नसतं, तेव्हा ती मागे ठेवावी. तबकडीचं वजन हा आवाजाच्या दर्जाचा पुरावा नव्हे.

मूळ इटालियन प्रत ओळखायची कशी ते जरा सावकाश सांगतो. रेकॉर्ड बाहेर काढा आणि दिव्याखाली तिरकी धरा. आधी लेबल, म्हणजे तबकडीच्या मधला गोल कागद पाहा. एसआयएई या लेखक-प्रकाशकांच्या संस्थेचा शिक्का त्यावर असतो. या शिक्क्याचा आकार आणि ढब काळानुसार बदलत गेली, त्यामुळे त्याच कंपनीच्या, ज्यांचं साल पक्कं आहे अशा दोन-तीन रेकॉर्ड्सशी ताडून पाहिलं की ही छपाई पहिल्या खेपेची की दहा वर्षांनंतरची, ते बरंचसं कळतं. मग शेवटचा ग्रूव्ह (सुई ज्यातून फिरते ती खाच) आणि लेबल यांच्यामधला कोरा पट्टा पाहा. तिथे मॅट्रिक्स, म्हणजे छपाईच्या साच्याचा क्रमांक कोरलेला असतो आणि इटालियन रेकॉर्ड्सवर पुष्कळदा त्यासोबत चक्क तारीख असते, दिवस-महिना-वर्ष, कारागिराच्या हाताने खरडलेली. ही मास्टर, म्हणजे ज्यावरून साचे बनतात ती मूळ तबकडी कापल्याची तारीख. चित्रपट 1969 चा, तारीख 1969 ची, तर तुम्ही योग्य जागी आहात. पण याच मास्टरवरून पुढेही प्रती निघाल्या असू शकतात, म्हणून तारीख एकटी पुरत नाही. लेबल, शिक्का, कव्हर यांचा मेळ बसला पाहिजे. फ्रेंच रेकॉर्डवर तारीख अशी सापडत नाही. तिथे कव्हरच्या मागे अगदी तळाशी छापखान्याचं नाव आणि कधी ‘देपो लेगाल’चं, म्हणजे कायद्याने प्रत जमा केल्याचं वर्ष दिलेलं असतं. ‘ग्राव्ह्यूर युनिव्हर्सेल’ असं लिहिलेलं दिसलं तर ती मोनो-स्टिरिओ दोन्ही यंत्रांवर चालणारी खोदाई समजा, साठच्या दशकाच्या अखेरीची किंवा नंतरची.

मग मधलं भोक. त्याच्याभोवती लेबलवर बारीक पांढुरक्या रेघा दिसतात, त्या स्पिंडलच्या, म्हणजे टर्नटेबलच्या मधल्या दांड्याच्या: रेकॉर्ड लावताना लोकांनी चाचपडत सरकवल्याच्या. रेघांचं जाळं झालं असेल तर रेकॉर्ड पुष्कळ वाजली आहे, पृष्ठभाग कितीही चकचकीत दिसो. डोळ्यांना दिसणाऱ्या चऱ्यांपेक्षा मला न दिसणाऱ्या झिजेची धास्ती जास्त. त्या काळच्या जड काट्यांनी ग्रूव्हच्या भिंती खाल्लेल्या असतात आणि हे दिव्याखाली कळत नाही, वाजवल्यावरच कळतं. ते सगळ्यात आधी कळतं बाजूच्या शेवटच्या धुनेत. एलपीच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर ग्रूव्ह सरकतो, लेबलजवळ तोच 21-22 वर येतो. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. तिथे बाईचा उंच आवाज किंवा ट्रंपेट असेल तर झिजलेल्या रेकॉर्डचा आवाज फाटतो. म्हणून दुकानात ऐकायची सोय असेल तर पहिली धून ऐकू नका, शेवटची ऐका. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला तेवढाच भाग वाजवून पाठवायला सांगा. एद्दा देल’ओर्सो यांचा स्वर शेवटपर्यंत स्वच्छ लागला, तर रेकॉर्ड निःशंक घ्या.

ऑनलाइन दर्जा लिहिण्याची पद्धत नवख्याला चकवते. ‘व्हीजी’ म्हणजे ‘व्हेरी गुड’ असलं तरी प्रत्यक्षात त्यात खरखर सतत ऐकू येते. या संगीतात शांत जागा फार: एकटी गिटार, एकटी शीळ, मग काहीच नाही. रॉकच्या गदारोळात जी टकटक लपते ती इथे उघडी पडते. तेव्हा रेकॉर्डसाठी ‘व्हीजी प्लस’च्या खाली उतरू नका, कव्हर मात्र थोडं फाटकं चालवून घ्या, पैसे बरेच वाचतात. आणि भाव पाहताना लोक किती मागतात ते पाहू नका. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीची आधी झालेली विक्री दिसते, तिचा मधला आकडा धरून चला. नव्वदच्या दशकात मिलानच्या ‘ईझी टेम्पो’ संकलनांनी आणि युरोपातल्या डीजेंनी हे संगीत पुन्हा उजेडात आणलं तेव्हापासून भाव चढले आहेत, पण ते सगळ्याच रेकॉर्ड्सचे नाही. नाचता येईल असा ठेका असलेल्या महाग, तंतुवाद्यांच्या हळुवार रचना स्वस्त. तुम्हाला रोता आवडतात, म्हणजे बाजार तुमच्या बाजूने आहे.

मागवताना एक सूचना विक्रेत्याला दरवेळी लिहून कळवा: तबकडी कव्हरबाहेर काढून, आतल्या पाकिटासह कव्हरच्या मागे ठेवा. नाहीतर प्रवासात आपटून तबकडीच कव्हरची शिवण फाडते. किमतीची खरी पावती आत ठेवायला सांगा. खोटी किंमत किंवा ‘भेटवस्तू’ असं लिहून घेऊ नका. पार्सल सीमाशुल्कात अडकलं तर तीच पावती कामी येते, आणि वाटेत हरवलं तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीवरच मिळते. शुल्काचा दर मागवण्याआधी तपासा आणि टपालखर्चासकट बेरीज करा; एक-एक मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून चार-पाच घेतल्या तर प्रत्येकीमागे खर्च बराच उतरतो. जर्मनी-नेदरलँड्सला नोकरीनिमित्त राहणारे नातेवाईक आता घरोघरी आहेत. त्यांच्यापैकी कोणी तिथल्या एखाद्या मोठ्या रेकॉर्ड-जत्रेला किंवा रोममध्ये रविवारी पोर्ता पोर्तेझेच्या बाजारात जाणार असेल तर यादी द्या. पण यादीत संगीतकार, लेबल आणि वर्ष लिहा. नुसतं चित्रपटाचं नाव दिलंत तर मॉन्टेनेग्रो घेऊन येतील.

घरात आल्यावर आपल्या हवेचा विचार करा. युरोपातल्या तळघरात राहिलेल्या कव्हरांवर बुरशी सुप्त असते आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ती जागी होते. नवी आलेली रेकॉर्ड लगेच बाकीच्यांत मिसळू नका, काही दिवस वेगळी ठेवा, कव्हर कोरड्या मऊ ब्रशने पुसा. तबकडी डिस्टिल्ड वॉटर आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ग्रूव्हच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून धुवा. लाखेच्या जुन्या 78 च्या तबकड्यांना अल्कोहोल मात्र चुकूनही लावू नका, त्या विरघळतात. बाहेरचं आवरण पॉलिप्रॉपिलिनचं घ्या. मऊ पीव्हीसीच्या जाड पिशव्या छान दिसतात, पण उकाड्यात त्या रेकॉर्डवर कायमचा धूसर डाग पाडतात. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, भिंतीला टेकून नव्हे. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून कपाट वीतभर पुढे ओढा.

पहिली खरेदी म्हणून काय, तर मी सुचवेन ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (1968) इटालियन किंवा फ्रेंच आरसीए एलपी. प्रचंड खपलेली असल्याने चांगली प्रत रास्त भावात मिळते आणि चित्रीकरणाआधीच रचून, सेटवर वाजवून ज्याच्या तालावर नट चालले, असं संगीत त्यावर आहे. दुसरी, रोता यांच्या ‘इल गात्तोपार्दो’ची कुठलीही चांगली युरोपीय प्रत, त्यातल्या नृत्याच्या प्रसंगात ऑपेराकार व्हेर्दीचा तोवर अप्रकाशित असलेला एक वॉल्ट्झ रोतांनी वाद्यवृंदासाठी बसवला आहे. तिसरी कुठलीही, पण 45 ची आणि ज्या संगीतकाराचं नाव तुम्ही आजवर ऐकलं नाही त्याची: स्तेल्व्हियो चिप्रियानी, रित्झ ओर्तोलानी, त्रोवायोली, कोणीही. ती आली की लेबल, शिक्का आणि कोऱ्या पट्ट्यातली तारीख, तिन्ही वहीत उतरवून ठेवा. पुढच्या रेकॉर्डचं साल ताडायला तुमचा पहिला नमुना तोच असेल.